एका खोलीपुरता गारवा

मागच्या वर्षी एप्रिलच्या अखेरीला माझ्या सासूबाई दुपारी जेवता जेवता बोलायच्या थांबल्या. घास हातात तसाच होता आणि नजर माझ्यावरून पलीकडे भिंतीवर गेली होती. आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे, तेव्हा इथेही आत्याच म्हणते. रविवार होता म्हणून मी घरी होते. एरवी त्या वेळी घरात कुणी नसतं.

पाच दिवस दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, उन्हाने अंगातलं मीठ उतरलं होतं. हृदय आधीच थकलेलं आहे, वय सत्तरीच्या पुढे. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना अकरा ते पाच गार खोलीत ठेवा, पुन्हा असं झालं तर मी खात्री देणार नाही. हे सगळं ते औषधाची चिठ्ठी लिहिता लिहिता, मान वर न करता बोलले. मला ते बरं वाटलं. धीर देणाऱ्या माणसांपुढे आपल्यालाच धीर असल्यासारखं करावं लागतं, आणि तेवढी ताकद माझ्यात उरली नव्हती.

सोलापुरात उन्हाळा फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होतो, त्यामुळे यंदा मी जानेवारीतच यंत्र शोधायला लागले. मी चिंचोळी एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात स्टोअर सांभाळते. वस्तू मागवायच्या, मोजून घ्यायच्या, चुकीची आली तर परत पाठवायची, हे वीस वर्षांचं काम. एक एसी निवडणं मला अवघड जाऊ नये, असं माझं मत होतं.

आमचं घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. पुढची रस्त्यावर, मधली आत्यांच्या झोपायची, मागे स्वयंपाकघर. मधल्या खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या बोळात उघडणारी. दहा बाय बारा, वर स्लॅब. नवरा श्रीपूरच्या साखर कारखान्यात बॉयलरवर असतो आणि रविवारी घरी येतो. त्याने फोनवर निकाल दिला की कूलर घे. त्याला म्हटलं, आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, कूलरला रोज बादल्या भरायच्या कुणी, आणि त्या दमट हवेने आत्यांचा खोकला वाढला की रात्री उठायचं कुणी. तो म्हणाला, "मग तुझं तू ठरव." हे त्याने पहिल्या मिनिटाला म्हटलं असतं तर दोघांचाही वेळ वाचला असता.

दुकानात गेले. तिथल्या माणसाने मला भिंतीवरच्या नेहमीच्या एसीसमोर उभं केलं आणि बसवायला आमचा माणूस येईल म्हणून सांगितलं. माणूस आला. त्याने बोळातली भिंत बोटाने वाजवून पाहिली. दोन फूट काळा दगड, मध्ये माती. एवढं भोक पाडलं तर दगड सुटेल, मी जबाबदारी घेत नाही, म्हणाला आणि चहा पिऊन गेला. दुसरा आला, तो भोक पाडायला तयार होता, पण मार्चनंतरची तारीख देत होता आणि मार्चमध्ये विचारलं असतं तर एप्रिल म्हणाला असता. उन्हाळ्यात एसी बसवणाऱ्याची वाट बघत बसलेली घरं मी पाहिली आहेत. खोकं हॉलमध्ये, त्याच्यावर पेपर ठेवून माणसं घाम पुसत वाचतात.

तेव्हा आपल्या हाताने बसवता येईल असंच काही हवं होतं. चाकांवरचा, सोंडेसारखी नळी खिडकीबाहेर काढलेला एसी मी आधी पाहिला. तो खोलीतलीच हवा ओढून गरम करून बाहेर टाकतो. बाहेर गेलेल्या हवेच्या जागी दाराच्या फटीतून दुसरी, उन्हाची हवा आत येणार. आमच्या कारखान्यातले बाहेर हवा फेकणारे पंखे बघून हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तो बाद केला.

शेवटी एक सापडला. दोन भागांचा, आतला भिंतीला आणि बाहेरचा जमिनीवर. दोन्हींना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्यांत गॅस आधीच भरलेला, आणि टोकांना असे जोड की पाना फिरवला की बसले. भिंतीला भोक नको, खिडकीची एक काच काढून तिथे प्लायवूड लावायचं आणि त्यातून नळ्या न्यायच्या. शिवाय तो थंडीत गरम हवाही देतो. डिसेंबरच्या पहाटे आत्यांचे गुडघे धरतात, तेव्हा तेही उपयोगी. मी पुस्तिका मागवून घेतली आणि दोनदा वाचली. नळीची लांबी, पाणी बाहेर जायचा उतार, किती जाडीची वायर, अर्थिंग, दुपारी विजेचा दाब उतरतो म्हणून स्टॅबिलायझर. एक टन पुरेल का, हे खोलीची लांबी-रुंदी, स्लॅब आणि ऊन धरून काढलं. गच्चीला चुना मारून घेतला म्हणजे वरून कमी तापेल. वायरमनकडून अर्थिंग नवीन करून घेतलं. त्याने विचारलं, ताई, तुम्ही बसवणार? मी म्हटलं, पाना फिरवायला येतो मला.

आत्यांना मी विचारलं नाही, सांगितलं. त्याला कारण आहे. आमच्या घरात मराठी आणि कानडी एकाच वाक्यात बोलतात, आणि आत्यांचा ठरलेला कानडी शब्द म्हणजे ब्याड. नको. चहाला ब्याड, लुगड्याला ब्याड, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ब्याड. लग्न होऊन आले तेव्हा मी पहिल्याच ब्याडला थांबत असे, आणि त्यापायी त्यांना आठ दिवस दुपारचा चहा मिळाला नव्हता. मग नणंदेने मला बाजूला घेऊन समजावलं. मोठ्या बाईने लगेच हो म्हणणं हावरट दिसतं, म्हणून विचारायचंच नाही, समोर आणून ठेवायचं. तेव्हापासून मी तसंच करत आले आणि आमचं बरं चाललं. आत्या ब्याड म्हणतात, मी आणते, त्या वापरतात. या पद्धतीवर अठ्ठावीस वर्षं निघाली.

एसीला त्या तीनदा ब्याड म्हणाल्या. एकदा सांगितलं तेव्हा, एकदा खोकं आलं तेव्हा आणि एकदा नवरा शिडीवर चढला तेव्हा. मी पाना हातात घेऊन म्हटलं, आत्या, तुम्ही नुसत्या बसा.

एक रविवार गेला. नवऱ्याने आतला भाग अडकवायची पाटी भिंतीला ठोकली, मी लेव्हल बघितली. जोड फिरवताना थोडा फुस्स आवाज आला आणि थांबला. पुस्तिकेत तसंच लिहिलं होतं, आणि हेही, की हे जोड वारंवार उघडू नयेत, दर वेळी थोडा गॅस जातो. दुपारी तीनला यंत्र सुरू झालं. वीस मिनिटांत खोली अशी गार झाली की नवरा तिथेच फरशीवर आडवा झाला. बॉयलरवरच्या माणसाला हे म्हणजे माहेर, म्हणाला. मी हत्यारं गोळा केली.

आत्यांना बटण शिकवलं. अकराला लावायचं, पाचला बंद, दार ओढून घ्यायचं. त्यांनी मुकाट्याने शिकून घेतलं. मी रोज सकाळी आठला निघायची आणि साडेसहाला यायची. आल्यावर विचारायची, बसला होता ना आत? त्या म्हणायच्या, "हाय की, लई गार हाय." मी खोलीत जाऊन बघायची, खोली खरंच गार असायची. मीटर बघितला तर तोही पळालेला. मार्च गेला, एप्रिलचे दोन आठवडे गेले. मला पहिल्यांदा वाटलं की एक काम हातावेगळं झालं.

मग एका बुधवारी कारखान्यातला ट्रान्सफॉर्मर गेला आणि आम्हाला बाराला सोडलं. मी एकच्या सुमाराला गल्लीत शिरले. रस्ता मोकळा, कुत्रीसुद्धा गटाराच्या सावलीत. आमचं पुढचं दार सताड उघडं होतं आणि दारातल्या खाटेवर आत्या बसल्या होत्या, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन. आमची पुढची खोली पश्चिमेची. ऊन दारातून आत येऊन त्यांच्या पायांपर्यंत पोचलं होतं. मी हाक मारली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि उत्तर यायला जरा जास्त वेळ लागला. तो वेळ मी मागच्या वर्षी पाहिलेला होता.

त्यांना धरून आत नेलं. मधल्या खोलीचं दार ओढलेलं होतं. उघडलं तर आतून गार हवेचा लोट आला. यंत्र चोवीसवर चालू होतं. त्यांच्या पलंगावरची चादर सकाळी मी घातली तशीच, एक सुरकुती नाही. म्हणजे दीड महिना त्या रोज अकराला नेमाने यंत्र लावत होत्या, दार ओढून घेत होत्या आणि पुढे येऊन उन्हात बसत होत्या. मी सांगितलेलं त्यांनी सगळं पाळलं होतं, फक्त स्वतः आत बसल्या नव्हत्या.

रिक्षा, दवाखाना, सलाईन. या वेळी लवकर सापडल्या म्हणून एका रात्रीत सुटलं. डॉक्टरांनी विचारलं, गार खोलीची सोय केली होती ना? मी म्हटलं, केली होती. त्यांनी पुढे काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. लाज वाटली.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी खुर्ची त्यांच्या पलंगाजवळ ओढली आणि सरळ विचारलं, की आत का बसत नव्हता.

"मग चाव्या कोन देनार?" त्या म्हणाल्या.

पुढच्या खोलीत दाराशेजारी एक लाकडी पट्टी आहे, तिला खिळे आणि खिळ्यांना चाव्या. गल्लीतल्या तेरा घरांच्या. या मला माहीत नव्हत्या असं नाही, रोज सकाळी मी त्यांच्या खालून जाते. आमच्या गल्लीतल्या बायका सकाळी कामावर जातात, कुणी शिवणाच्या कारखान्यात, कुणी दवाखान्यात, कुणी माझ्यासारखी एमआयडीसीत. जाताना चावी आत्यांकडे टाकतात. मुलं बाराला, एकला, अडीचला सुटतात, ज्याची शाळा जशी, आणि येऊन आपापली चावी नेतात. गॅसची टाकी, पार्सल, वीजबिल, कुणाचं औषध, सगळं त्या खाटेवर उतरतं. एसीचं खोकंही तिथेच उतरलं होतं, आणि ते आत्यांनीच सही करून घेतलं होतं. एवढं सगळं डोळ्यांसमोर असून मी नळीची लांबी मोजली होती.

मी म्हटलं, मुलं आतल्या दारावर थाप मारतील. त्या म्हणाल्या, बाहेरचं दार लावलेलं दिसलं तर पोरं थाप मारत नाहीत, घरात कुणी नाही म्हणून उन्हात कट्ट्यावर बसून राहतात. आणि बाहेरचं उघडं ठेवून आपण आत दार ओढून बसलो तर घर बेवारशी. दिवसा दार लावलं की लोक म्हणतात, गावाला गेले नाहीतर भांडण झालं. हे सगळं त्या अगदी शांतपणे, मला व्यवहार समजावून सांगावा तसं सांगत होत्या.

"मला का नाही सांगितलंत?"

"ब्याड म्हनलं की. तीन बारी म्हनलं. तू इचारलं असतं, का ब्याड, तर सांगितलं असतं."

त्यांचं ब्याड का, हे या घरात कुणी कधी विचारलेलं नाही. नणंदेनेही ते शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी समोरच्या घरातली बाई, शिवणाच्या कारखान्यात जाणारी, चावी न्यायला आली. तिला सगळं कळलं होतं. घरात तेलुगू बोलणारी बाई, माझ्याशी बोलताना मराठी जरा जपून वापरते. ती म्हणाली, "वहिनी, उद्यापासून आम्ही चाव्या दुसरीकडे ठेवतो. आजींना त्रास नको." मी विचारलं, दुसरीकडे म्हणजे कुठे? तिने गल्लीकडे पाहिलं. दिवसभर घरात असणारं दुसरं कुणी गल्लीत नाही. आत्या आतून ऐकत होत्या. त्यांनी कूस बदलली आणि तोंड भिंतीकडे केलं. रात्रीची भाकरीही अर्धी ठेवली. मला कळलं, की चाव्या काढून घेतल्या तर त्या गार खोलीत बसतील, आणि जेवणार नाहीत. ऊन काय आणि उपास काय, दोन्हींचा शेवट एकच होता, फक्त दुसऱ्याला वेळ लागला असता.

सोमवारी मी कामावर गेले ती फार थकून. दुपारी विणाईच्या विभागात सुताची नोंद घ्यायला गेले. तिथे हवेतला दमटपणा टिकवावा लागतो, नाहीतर सूत तुटतं. म्हणून दारांना जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावलेल्या आहेत, वरून खालपर्यंत, एकीवर एक चढलेल्या. ढकलगाड्या दिवसभर त्यातून जातात-येतात, पट्ट्या आपोआप मिटतात. दार उघडंच असतं. त्या पट्ट्या मी स्वतः कितीतरी वेळा मागवल्या आहेत. त्या दिवशी त्यातली एक माझ्या तोंडावर आपटली तेव्हा मी तिथेच थांबले. मागून गाडी ढकलणाऱ्या बाईने विचारलं, मॅडम, जाताय का राहताय?

आमच्याच पुरवठादाराकडून घराच्या दाराच्या मापाच्या पट्ट्या घेतल्या. रविवारी नवरा आला. त्याला म्हटलं, यंत्र पुढच्या खोलीत न्यायचंय. तो खाली बसला. म्हणाला, "पश्चिमेची खोली, उघडं दार, आणि एक टन. तुझं पुस्तक काय म्हणतं?" मी म्हटलं, पुस्तक नाही म्हणतं. जोड पुन्हा उघडायचे म्हणजे गॅस जाणार हेही त्याला माहीत होतं. एकदाच, म्हणाला, तिसऱ्यांदा मला बोलावू नकोस. भिंतीला भोक पाडलं नव्हतं हे बरं झालं, प्लायवूड काढून काच परत बसवली की मधली खोली होती तशी. जोड उघडताना फुस्स आवाज मागच्यापेक्षा मोठा आला. मग त्याने पाना आवळला.

बाहेरचा भाग कट्ट्यावर ठेवला आणि नळ्या पुढच्या खिडकीतून तशाच प्लायवूड लावून नेल्या. नवऱ्याने सांगोल्याच्या ओळखीच्या बागायतदाराकडून डाळिंबावर घालायची हिरवी जाळी आणली होती, ती कट्ट्यावर छपरासारखी बांधली म्हणजे ऊन दारापर्यंत येणार नाही. पट्ट्या लावल्या. आत्या खाटेवर बसून बघत होत्या. या वेळी मी हत्यार खाली ठेवून विचारलं, आत्या, हे चालेल का? त्या म्हणाल्या, ब्याड. मी विचारलं, का ब्याड? त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, पोरं दिसायला पाहिजेत, खालचं प्लॅस्टिक पुसून घे. पुसून घेतलं.

खोली चोवीसवर कधीच आली नाही. मी कारखान्यातला एक जुना तापमापक खाटेशेजारी टांगला. बाहेर बेचाळीस असताना आत तीस, कधी एकतीस. यंत्र दिवसभर थांबत नाही. मी डॉक्टरांना आकडा सांगितला. ते म्हणाले, एवढं चालेल, पाणी आणि मीठ सांभाळा. मेच्या शेवटी रक्त तपासलं. त्यांनी कागद बघितला, ठीक आहे म्हणाले आणि पुढच्या पेशंटची बेल दाबली. मी बाहेर येऊन बाकावर पाच मिनिटं बसले. रडले वगैरे नाही. पाय दुखत होते.

आता अडचण वेगळी आहे. गल्लीत गार खोली हीच. मुलं चावी नेतात आणि घरात दप्तर टाकून परत येतात. पाचनंतर बायका चावी न्यायला येतात आणि दोन मिनिटं टेकतात. परवा मी साडेसहाला आले तर पट्ट्यांबाहेर चपलांचा ढीग, आत सात बायका, चार पोरं, कुणाची तरी निवडायची मेथीची जुडी. तापमापक बत्तिसावर. मी दारातच म्हटलं, की हे यंत्र एका खोलीचं आहे, आणि एका माणसापुरतं आणलंय. बायका उठायला लागल्या.

"बसू दे की," आत्या म्हणाल्या. "दमून आल्यात."

"मीही दमून आलेय, आत्या."

"मग तू बी बस."

जागा नव्हती. समोरच्या बाईने मेथी मांडीवर ओढून घेतली, तेवढ्या जागेत मी भिंतीला टेकले. पाठीला गार लागत होतं आणि पट्ट्यांमधून पायांना बाहेरची झळ. कुणीतरी अर्धी जुडी माझ्या पुढ्यात सरकवली.